वसमतच्या माळवदावरचं बंदर

निजामाच्या राज्यात, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी, मी वसमतच्या शाळेत नवा मास्तर होतो. माझे घरमालक एक म्हातारे चाचा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पूर्वेकडच्या एका बंदरात वादळाचे इशारे चढवण्यात घालवली होती. घर इथलंच, म्हणून म्हातारपणी परत आले. पण सवय बंदरातच राहिली नाही, तीही बरोबर आली.

घराच्या माळवदावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, त्यांनी उंच बांबू रोवला आणि बुरुडाकडून डांबर फासलेल्या तीन टोपल्या करून घेतल्या. समुद्रात हवा नुसती बिघडली तर एक टोपली, वादळ झालं तर दोन, मोठं तुफान असेल तर तीन. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून हैदराबादहून येणारा उर्दू पेपर मी वाचून दाखवायचो. ते शाळेच्या नकाशावर बाभळीचा काटा टोचून वादळ पुढं सरकवायचे. पेपर शिळाच यायचा. टोपली चढेपर्यंत कित्येकदा वादळ विरून गेलेलं असायचं. तरी चढायचीच.

गावानं टोपल्यांचे आपले अर्थ लावले. दोन दिसल्या की शेजारीण वाळवण उचलायची आणि कडक उन्हात विचारायची, "चाचा, कव्हा उतरवता? माझे पापड घरातच बसून राहिले की!" तांड्यावरची माणसं तीन टोपल्या पाहून बैलं माघारी वळवायची.

एका दिवाळीनंतर नवे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, दौऱ्यावर आले. त्या दिवशी बांबूवर तीन टोपल्या होत्या. त्यांना हे इशारे बंडखोरांचे वाटले. दोन शिपाई घेऊन ते माळवदावर चढले.

"हे कुणाला दाखवून राहिले तुमी?"

"जहाजांना," चाचा म्हणाले.

"वसमतला जहाज कुठंय?"

"म्हणून तर आजवर एक बी बुडालं न्हाई, साहेब."

मला हसू आवरेना. अमीनसाहेब मात्र गंभीर झाले. त्यांना हे उत्तर पटलं की काय, कोण जाणे. त्यांनी हुकूम सोडला, वरच्या तीन टोपल्यांचं तुफान खरं आहे की नाही याचा निकाल लागेपर्यंत आपण इथंच थांबणार. अंगणात तंबू ठोकला.

तुफान खरंच निघालं. दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं, वारा सुटला, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांचा खडखडाट सुरू झाला. तंबू उखडून शेजारणीच्या गोठ्यावर जाऊन बसला. लोक घाबरून चाचांच्या दारात गोळा झाले. आणि चाचा माळवदावर उभे राहून टोपल्या उतरवत होते!

अमीनसाहेब जिन्याच्या खांबाला मिठी मारून ओरडले, "काहून उतरवता? चढवा! अजून एक चढवा!"

"जमिनीवर आलं की त्याचा दर्जा उतरतो, साहेब. आता हे तुफान राहिलं न्हाई. नुसती बिघडलेली हवा हाय. एकच बराबर."

"माझा तंबू गेला!"

"तकलीफ मला कळते. पण तंबूवरून दर्जा ठरत न्हाई."

शेवटी अमीनसाहेबांच्या हुकमानं एक शिपाई उतरवलेली टोपली परत बांधायला गेला. बांबूच मोडला आणि तिन्ही टोपल्या हट्टा गावाच्या दिशेनं उडाल्या. चाचा खाली आले आणि मुकाट्यानं शेजारणीच्या लेकरांना आपल्या ओसरीत घेऊ लागले.

संध्याकाळी वारा पडला. माणूस कुणी दगावलं नव्हतं. चहा पिताना अमीनसाहेबांनी ओल्या कपड्यांतच विचारलं, "मग खरं तुफान कसं असतं?"

चाचांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथं बंदरात आमी टोपल्या चढवल्या होत्या. बराबर चढवल्या होत्या. पण कोळ्यांच्या होड्या आधीच समुद्रात आत गेल्या होत्या. त्यांच्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून मलाच इचारत होत्या, होड्या कव्हा येतील."

 मी कंदील लावला आणि शेजारणीला तिची लेकरं झोपली असल्याचं सांगायला गेलो.