दोन बायकांचा कोयता

आधी माफी मागतो. आयुष्यभर जबाब आणि पंचनामे लिहिले; पुस्तकातल्यासारखं लिहिण्याचा माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तेही सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर. सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तरी शेवगाव तालुक्यातलं एक प्रकरण मनातून जात नाही, म्हणून धाडस करतो.

दसरा नुकताच झाला होता. सकाळची हजेरी चालू असताना एक पस्तिशीचा माणूस ठाण्यात आला.

"साहेब, बायको हरवली."

तोंडाला वास. खिशात बायकोच्या वकिलाची घटस्फोटाची नोटीस. मिसिंग दाखल केली आणि त्यालाच समोर बसवलं. खरं सांगायचं तर संशय त्याच्यावरच होता.

"किती पितोस?"

"थोडीच."

"थोडी म्हणजे?"

"पडंस्तवर."

"तिला मारलंस?"

"न्हाई साहेब. प्यालो की मलाच उभं ऱ्हाता येत न्हाई." मग रडू लागला. "आता ऊसतोडीला मला कोन नेनार?"

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला मुकादम सहसा घेत नाही. बायको गेली की याचा संसारही गेला आणि हंगामही.

घराची पाहणी केली. पीठ, अंथरूण आणि एक कोयता गायब. आमच्या महिला हवालदार चुलीकडे बघून म्हणाल्या, "साहेब, जीव द्यायला निघालेली बाई तवा नेत नाही."

माझ्या जिवात जीव आला. स्टँडवरच्या चहावाल्यानं खबर दिली, की काल राहुरीच्या गाडीत दोघी चढल्या. दुसरी ह्याचीच बहीण, नवऱ्याच्या दारूला कंटाळून माहेरी आलेली. तिकडच्या मुकादमांना फोन लावले. तिसरा हसला. "व्हय साहेब, यंदा एक कोयता बाया-बायांचा हाय. लई तोडत्यात!"

आम्ही फडात पोहोचलो. मोळी बांधता बांधता नणंद म्हणाली, "हरवलेलं मानूस तर तुमच्या ठाण्यात बसलंय की, साहेब!"

बायको मात्र हसली नाही. "मागल्या हंगामात दोघांचा ऊस मी येकटीनं तोडला, ह्यो सरीत झोपलेला. गुढीपाडव्यापर्यंत रोज ठाण्यात हजेरी लाव म्हनावं. तोंड तुमी हुंगा. एक दिस जरी वास आला, तरी कोर्टात भेटू."

कायद्यात असं कलम नाही. बाई सज्ञान, स्वखुशीनं गेलेली. जबाब घेऊन मिसिंग बंद केली. पण तो रोज सकाळी यायचा आणि ड्युटीवर असेल तो नाक पुढे करायचा. "कांदा खाल्लाय, पास!" अशी ठाण्यात थट्टा चालायची.

अकराव्या दिवशी तो दारातच थांबला. "साहेब, हुंगू नका. काल घेतली. तिला कळवा."

मी जड मनानं फोन केला. मुकादमानं तिच्याकडे फोन दिला.

"त्यानं सोताहून सांगितलं?"

"हो."

"मग पुन्ना एकपासनं मोजा."

नोकरीत दमदाटीनं, गोडीनं कितीतरी कबुल्या काढल्या. न विचारता मिळालेली ही एकच. माणूस सुधारेल की नाही हे मला आजही ओळखता येत नाही; पण त्या दिवसापासून, स्वतःहून दारात थांबणाऱ्याला मी परत पाठवलं नाही.

पाडव्याआधीच माझी बदली झाली. पुढचं काही कळलं नाही. मागच्या महिन्यात त्याच महिला हवालदारांचा फोन आला. नोटीस केव्हाच मागे घेतलीय. आता ती बाईच टोळीची मुकादम आहे आणि नवरा तिच्याच टोळीत तोडतो.

"पण साहेब," त्या हसत म्हणाल्या, "रोज सकाळी त्याच्या हातात कोयता द्यायच्या आधी ती अजून तोंड हुंगते."