भुलाबाईच्या खिरापतीला शेवया

मराठी मुलखाचं नवं राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हाची गोष्ट. धाड गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक मुसलमान घर होतं. त्या घरची पोरगी माझी टिपऱ्यांची जोडीदारीण. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी आम्ही पोरी भुलाबाईची गाणी म्हणत टिपऱ्या खेळायचो. तिच्यासारखी गिरकी एकीलाही जमायची नाही. मलाही नाही, खोटं कशाला बोलू!

त्या वर्षी त्यांच्याकडे बऱ्हाणपूरच्या बाया आल्या. सांगायला दर्ग्याच्या जियारतीला, खरं तर तिला बघायला. तिच्या आईला आम्ही खाला म्हणायचो. पाहुण्या जाईपर्यंत टिपरीला हात लावायचा नाही, असं खालानं तिला बजावलं. मी तणतणत गेले, "काऊन? नाचली त काय पाप लागते?"

पडद्याआडून पाहुण्यांतली म्हातारी म्हणाली, "हमको भी दिखाओ ना, बेटी."

खालाचा नाइलाज झाला. तोड माझ्या मायनं काढली. भुलाबाईची मूर्ती आमच्याच घरी राहील, खेळ त्यांच्या आतल्या अंगणात, मधात नुसता कंदील. बाप्ये सगळे बाहेर. मगरिबची नमाज झाली, की सुरू.

अशी खेळली वं ती! ओढणी कमरेला खोचून, घामानं निथळत. म्हातारी बसल्या जागी टाळ्या देत होती. मग रिवाजाप्रमाणे झाकलेला डबा आला. हलवून आवाजावरून खिरापत ओळखायची. पण डबा वाजेचना. दाणे, फुटाणे, खोबरं, सगळं म्हणून झालं. शेवटी आम्ही हरलो, आणि डबा उघडला तर साखर घातलेल्या शेवया! त्यांच्या घरच्या त्या शेवया आम्ही मायदेखत बोटं चाटून खाल्ल्या.

म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवला. "यही लड़की चाहिए."

झालं! मीच भांडून तिला नाचवली, आणि त्या नाचानंच तिला नेली. निकाह झाला, एसटीनं मलकापूर, तिथून आगगाडी. टिपऱ्यांची जोडी तिनं पेटीत घातली होती. तिकडे कधी काढू दिली का, मला आजवर ठाऊक नाही. लई आठवण येते तिची. भादवा लागला की जास्तच.

आता नाती माझ्या कानाशी डबा वाजवतात. आत फुटाणे खडखडत असले तरी मी आधी शेवयाच म्हणते.

"आजी, शेवया वाजतात का कुठं?"

"नाही वाजत वं पोरी. पण मले एकदा म्हणू दे."