टिनाच्या घराला घाम

उन्हानं टीन तडतडलं की मला एकेक गोष्ट आठवते. एक सांगावी तर तिच्यामागं चार उभ्या!

आटपाट टेंभुर्णी होती. तिथं मी होते, आमचे मालक होते, लेक मधुकर, सून सुमन अन् पाळण्यात नातू होता. मालकांनी मातीचं माळवद उतरवून नवंकोरं टीन टाकलं. गावात मान वाढला, घरात भट्टी पेटली! नातवाचं अंग घामोळ्यांनी लालभडक झालं. सुमन त्याला घेऊन घनसावंगीला माहेरी निघाली. जाताना एवढंच म्हणली, "आत्याबाई, घर थंड झालं की निरोप धाडा."

रिकामा पाळणा बघवत न्हवता.

*

मधुकरनं मस्तगडच्या बाजारातून थर्माकोल आणून टिनाखाली ठोकला. आठ दिवस बराबर गार. मंग उंदरांनी वर मुक्काम केला, अन् मालकांच्या वरणात पांढरं पांढरं पडू लागलं. मालक चवीनं भुरकत म्हणले, "आज खोबरं लई घातलं."

*

मंग मालकांनी थर्माकोल उपटून माळ्यावर टिनाला भिडेस्तोवर कडबा कोंबला. उंदीर नको म्हणून झरोकेही चिखलानं लिंपले. गारवा आला, सुमनही आली. पण थंडी पडली तशी पहाटे पाळण्यावर टपटप सुरू. पाऊस न्हाई, ढग न्हाई! मालकांनी टिनावर तीनदा डांबर फासलं, तरी टपटप. नातू खोकायला लागला. सुमननं परत पेटी भरली.

"उन्हाळ्यात न्हाई, हिवाळ्यात न्हाई. मंग मी नांदायचं कधी?"

*

ती गेली त्याच आठवड्यात घाईत मी गरम भाकरी टोपल्यात झाकली. एरवी चुलीला टेकवून उभी ठेवते, वाफ निघून जाते. जेवताना पाहते तर झाकणाला पाणी, भाकरी ओली. टोपलं तसंच मालकांपुढं धरलं अन् वर बोट दाखवलं. चुलीची वाफ, माणसांचा श्वास, सगळं वर कोंडलेलं. टीन गळत न्हवतंच, त्याला घाम येत होता!

मालकांनी कडबा टिनापासून हातभर खाली उतरवला, समोरासमोर दोन झरोके फोडून जाळी मारली. टपटप बंद.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही कधी टोपलं उघडलं होतं?"

*

वैशाखात सुमन आली, पण संग तिची आई. घर पटलं न्हाई तर संध्याकाळच्या जीपनं लेक परत नेते, असं इहीणबाईंनी दारातच सांगितलं. सुमनची पेटी कुलूप लावलेली, उंबऱ्यापाशीच.

जेवून इहीणबाई पाळण्याशेजारी जराशा आडव्या झाल्या. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. कुणीच उठवलं न्हाई.

दिवेलागणीला इहीणबाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "गोधडी हाय का एखादी?"

सुमननं पेटीचं कुलूप काढलं.