चुकायची खुर्ची

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दुकानातून आलेली एकेक पिशवी घडी करून आपण गादीखाली सारतो आणि एक दिवस गादीच उंच दिसायला लागते, तसं होतं. आमच्या माडीवर दर रविवारी जमणाऱ्या मंडळींच्या किश्शांचं माझ्याकडं तसंच झालं आहे. आता गादी टोचायला लागली, म्हणून सांगते.

आम्ही जालन्यात मस्तगडला राहतो. खाली ह्यांचं हार्डवेअरचं दुकान, वर आम्ही, आणि त्याच्यावर माडीची एक खोली. माझी भाची रोहिणी इंटरॅक्शन डिझायनर आहे. म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी सांगते, मोबाईलमध्ये कुठलं बटण कुठं ठेवायचं आणि ते दाबल्यावर पुढं काय व्हायचं, हे ठरवायचं काम. कंपनी पुण्याची, पण काम ती घरूनच करते. तसेच आणखी दोघं आहेत, आमच्या गल्लीतला आसिफ आणि मंठ्याचा सचिन. मोठ्या शहरात असे लोक हॉल घेऊन जमतात, एकमेकांचं काम बघतात, त्यावर बोलतात. जालन्यात हॉल म्हणजे आमची माडी, आणि चहा माझा.

*

त्यांच्यात एक नियम आहे. कुणी काम दाखवलं की आधी त्यातलं चांगलं सांगायचं, खोट मग काढायची.

एकदा सचिनचं काम त्याच्या कंपनीनं फार उचलून धरलं. पुढच्या रविवारी तो नवा शर्ट घालून आला आणि भिंतीवर मोठं करून सगळं दाखवायला लागला. रोहिणीनं भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"रंग छान आहे," ती शेवटी म्हणाली.

"पांढरा आहे तो," सचिन म्हणाला.

"मंग पांढरा छान आहे."

आसिफ तिच्याही पुढचा. "बिलकुल बराबर केलंस. मी मागच्या वर्षी हेच करणार होतो."

मी कप गोळा करता करता मनात म्हटलं, एवढे शिकलेले असले तरी चारचौघींतल्या जावाजावाच आहेत ह्या.

*

आता खुर्चीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

नवीन ॲप केलं की ही मंडळी खिडकीजवळ एक खुर्ची ठेवतात. ज्याला मोबाईलमधलं फारसं कळत नाही असं माणूस तिच्यावर बसवायचं, हातात फोन द्यायचा आणि ते कुठं अडतं ते बघायचं. अडलं तरी कुणी मदत करायची नाही. हात पाठीमागं बांधून उभं राहायचं. त्यानं काही विचारलं तर एवढंच म्हणायचं, "तुम्हाला काय वाटतं?" जिथं चुकेल तिथली चूक पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि भिंतीला चिकटवायची. जेवढ्या चुका जास्त, तेवढी ही मंडळी खूश.

माझं शिक्षण दहावीपर्यंत, फोन फक्त घ्यायचा आणि ठेवायचा. मी त्या खुर्चीसाठीच जन्मले होते.

पहिल्यांदा मला बियाणं मागवायचं ॲप दिलं. उघडल्यावर एक चित्रातली पोरगी एकेक गोष्ट समजावून सांगायला लागली. मी सगळं वाचलं. तिचं संपेना, माझंही संपेना. चहा गार झाला.

झाल्यावर आसिफनं विचारलं, "मावशी, कोपऱ्यात स्किपचं बटण होतं. दिसलं न्हाई का?"

"दिसलं की."

"मंग दाबलं का न्हाई?"

"अरे, ती इतकं मनापासून सांगून राह्यली, मध्येच कसं उठायचं?"

त्या दिवशी तिघंही चिठ्ठ्या लिहायला एकदम धावले. रोहिणीनं माझं वाक्य पुण्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि तिकडच्या साहेबांनी ती पोरगीच ॲपमधून काढून टाकली. मला पोरीचं वाईट वाटलं. पण चिठ्ठी माझी होती, ती भिंतीवर दिवाळीपर्यंत राहिली.

*

त्यांच्यात राहून सवयी लागतात.

एका दुपारी जेवताना ह्यांनी विचारलं, "मीठ कुठंय?"

माझे हात आपोआप पाठीमागं गेले. "तुम्हाला काय वाटतं, कुठं असेल?"

ह्यांनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अळणी वरण निमूट खाल्लं. नंतर कपडे धुताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी सापडली. आता ती कायमच असते.

*

माडीवर लाईट-पंख्याचा जो बोर्ड आहे, त्यात पंख्याचं बटण चटकन सापडत नाही. म्हणून मी त्याच्यावर लाल टिकली लावून ठेवली आहे. आसिफनं एक दिवस त्याचा फोटो काढला आणि डिझायनर लोकांच्या ऑनलाईन ग्रुपवर टाकला. कुठल्या कुठल्या गावांहून लोक वाहवा करायला लागले.

रोहिणीचा चेहरा पडला. "बोर्ड माझ्या मावशीच्या घरचा आहे."

"फोटो माझा आहे," आसिफ म्हणाला.

टिकली माझी होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सचिननं पुढचा आठवडाभर मंठ्यातल्या ओळखीपाळखीच्या घरांत जाऊन दिसेल त्या बोर्डाचे फोटो काढले आणि सगळे एकदम ग्रुपवर टाकले. त्याला एकच उत्तर आलं. कुणी विचारलं होतं, "भाऊ, फिटिंगची कामं घेता का?"

*

असे दिवस मजेत चालले होते. मग एका रविवारी मला लग्नाचा हॉल बुक करायचं ॲप दिलं. मी हॉल बघितला, तारीख टाकली, जेवणाची पानं किती ते भरलं, बुक केला आणि फोन परत दिला.

भिंतीवर एकही नवी पिवळी चिठ्ठी नाही.

आसिफ माझ्याशेजारी बसला आणि डॉक्टर घरच्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "मावशी, तुम्हाला येऊन राह्यलं आता."

"म्हणजे वाईट झालं का रे?"

"वाईट न्हाई. पण आमच्या कामाचं न्हाई."

मला रात्री भाकरी गोड लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट नीट जमली आणि त्याच पायी जागा गेली.

*

पुढच्या रविवारी सचिननं परतूरहून आत्याला आणलं. कमलताई नाव. वयानं माझ्याएवढ्याच, रेल्वेनं आलेल्या, हातात ज्वारीच्या पापड्यांचा डबा. मी डबा घेतला, तोवर त्या माझ्या खुर्चीवर बसल्याही.

दवाखान्यात नंबर लावायचं ॲप होतं. सचिननं फोन दिला. कमलताईंनी तो उजेडात धरला.

"थांब रे बाबा. काच केवढी मळली हाय."

आणि पदरानं खसाखसा पुसला. त्या पुसण्यात नंबर लागला, रद्द झाला, परत लागला, आणि ॲपची भाषा बदलून कानडी की तेलुगू, काहीतरी झाली.

"झाला बघ स्वच्छ," म्हणून त्यांनी तो परत दिला.

तिघंही हात पाठीमागं बांधायचं विसरले होते. आसिफ म्हणाला, "हे सोनं हाय, सोनं."

इतके रविवार मी चुकले. मला आसिफ कधी सोनं म्हणाला नव्हता.

मी कमलताईंना कान तुटलेल्या कपातून चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "असा चहा परतुरात न्हाई मिळत, सुनंदाताई."

दर रविवारी त्या हे म्हणायच्या. एवढं गोड बोलणाऱ्या बाईवर धड रागावताही येत नाही, ही आणखी एक पंचाईत. भिंतीवर माझ्या स्किपच्या चिठ्ठीच्या जागेवर पदराची चिठ्ठी लागली.

*

हेवा वाटला, तर वाटला. मी रोहिणीला म्हटलं, मला एकदा परत बसू दे. ती बरं म्हणाली.

मी फोन उलटा धरला. मग बटण सोडून बटणाच्या शेजारी दाबलं. मग म्हटलं, "अगं बाई, हे काय झालं?"

रोहिणीनं हळूच फोन काढून घेतला. "मावशी, नाटक करू नका. खरं चुकणारं माणूस आधी खुशीत असतं."

कमलताई पापडी खात बघत होत्या. "जमंल तुम्हाला हळूहळू," त्या म्हणाल्या.

*

मग मला दुसरा रस्ता सुचला. मी कमलताईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि प्रेमानं म्हटलं, "ताई, या, तुम्हाला फोन शिकवते. पोरांच्या भरवशावर किती राहायचं?"

त्यांचे डोळे भरून आले. "माझी सख्खी बहीणही असं म्हणाली न्हाई."

मला थोडं टोचलं. पण मी शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. फोटो कसा पाठवायचा, मागं कसं यायचं, पुसायचा असेल तर आधी बंद कसा करायचा. कमलताई माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. परतूरहून रोज सकाळी मला फुलांचे फोटो यायला लागले.

पुढच्या वेळी त्या खुर्चीवर बसल्या, फोन बंद करून पुसला, चालू केला आणि सगळं काम सरळ करून दिलं. आसिफनं कपाळाला हात लावला.

"आत्या, तुम्हालाही येऊन राह्यलं."

"सुनंदाताईंनी शिकवलं," कमलताई कौतुकानं म्हणाल्या. तिघांनी माझ्याकडं जसं पाहिलं, तसं सासरच्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

*

आता शेवटचा, मागच्या रविवारचा.

खुर्ची रिकामी, आणि रोहिणीला दुसऱ्या दिवशी कंपनीला काम दाखवायचं. मी आणि कमलताई दारात उभ्या होतो, त्यांच्या हातात चहाचा कप. तेवढ्यात हे माडीवर आले. एक गिऱ्हाईक कोयंडे मागत होतं आणि ह्यांना ते कुठं ठेवलेत ते सापडत नव्हतं. ह्यांच्याकडं अजून बटणांचाच फोन आहे. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"काका, जरा बसा ना," रोहिणी म्हणाली.

हे बसले. हातात फोन दिला. ह्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो."

आसिफनं चिठ्ठी काढली. मग ह्यांनी फोनचं वजन करून पाहिलं, मागून नखानं वाजवून पाहिला. "पत्रा हलका हाय," ह्यांनी सांगितलं. सचिननंही चिठ्ठी काढली.

कमलताई माझ्या कानाशी आल्या. "एवढं काय त्यात? माझं पुसणं जास्त भारी होतं."

"बिलकुल," मी म्हटलं. "आणि माझं स्किप?"

"ते तर होतंच."

पहिल्यांदाच आमचं दोघींचं मनापासून पटलं.

रोहिणीनं विचारलं, "काका, समोर जे हिरवं बटण आहे, ते दाबलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

हे फोन लांब धरून त्या बटणाकडं बघायला लागले. मग मान वर करून म्हणाले, "हिला विचारून सांगतो."

आणि फोन माझ्यासमोर धरला. माडीवरची सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. ते बटण दाबल्यावर काय होणार, हे मला दारातूनही दिसत होतं.

मी हात पाठीमागं बांधले.

"तुम्हाला काय वाटतं?"

ह्यांचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडं गेला.

आसिफ हळूच उठला आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन माझ्या हातात दिलं. मी खिडकीजवळ, त्या तिघांच्या ओळीत जाऊन उभी राहिले आणि लिहायला लागले.

कमलताई दारात एकट्याच उरल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या कपाकडं.

"आज चहा जरा पांचट झालता, सुनंदाताई."