छबूबाईची हजेरी

दमयंतीबाईंनी शामकांतला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एकाहत्तरच्या दिवाळीनंतर, त्या शिकवत त्या तिसगावच्या शाळेच्या ओट्यावर. गुडघ्यावर फाइल ठेवून तो छबूबाई म्हातारीला विचारत होता, "आजी, विमानं आली तर कुणाला हाक माराल?"

"कुनाला मारू? पोरगं, सून, समदी ऊस तोडाया गेली. ऱ्हायलो आमी म्हातारी आन् शेरडं. इमानाला म्हनावं, गुढीपाडव्याला समदी माघारी आली की ये."

शामकांत हसला, आणि ते लिहून घेतलं.

नगरला तेव्हा नागरी संरक्षणाचं नवं खातं उभं राहत होतं. खुर्च्या भाड्याच्या, साहेब दुसऱ्या खात्यातून उसने आणलेले. देशाच्या सुरक्षेचं धोरण वर ठरत होतं. त्यातला जिल्ह्याचा आराखडा लिहायला ट्रेझरीतला हा कारकून घेतला होता. गावोगाव पाच तरणे रक्षक नेमायचे, असा नमुना आला होता. शामकांतने पाथर्डीकडच्या गावांसाठी वेगळं पान लिहिलं: हिवाळ्यात इथे म्हातारी माणसंच असतात, त्यांना शाळेत आणावं, पाणी-धान्य तिथे ठेवावं. तिसगावला आला की जेवायला तो बाईंकडे असे. ते एक पान टिकावं, एवढंच बोलायचा.

साहेब म्हणाले, "शामराव, गावात तरणा माणूस नाही असं वर कळवायचं? आपलं खातंच अजून मंजूर व्हायचंय."

"पण साहेब, खरंच नाही."

"गावच्या यादीत नावं आहेत ना? घाला."

नावं घातली गेली. ते पान आराखड्यातून गळालं.

डिसेंबरात लढाई लागली. तिसगावला सराव ठेवला, बाईंनी शाळेची घंटा बडवली. शामकांतने पटांगणात रक्षकांची हजेरी घेतली. कुणीच नव्हतं. गहिनीनाथचं नाव आलं तेव्हा भिंतीकडून त्याची आई, छबूबाई म्हणाली, "हाय. कारखान्यावर हाय."

मग काठी टेकत पुढे आली. "त्याच्या जागी मी आले. काय करू, सांग."

त्याच्या हातातल्या आराखड्यात तिच्यासाठी एक ओळ नव्हती. बाईच म्हणाल्या, "छबूबाई, घरी जा. ऊन झालंय."

लढाई लवकर संपली. खातं मंजूर झालं, आराखड्याचं कौतुकही झालं. शामकांत मात्र बदली मागून घेऊन ट्रेझरीत परतला. पुढच्या साली दुष्काळात गावं आणखी ओस पडली. आराखडा तोच राहिला.

आता म्हातारपणी तो नगरला लेकीकडे, लीनाकडे असतो. सकाळी गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करायचं काम त्याच्याकडे आहे. छबूबाईला मिळाली नाही तशी एक ओळ त्याच्या वाट्याला आली.