पोत्याच्या आतली मूठ

माझ्या अक्काला खोटं बोलता येत नाही. ही तारीफ नाही, तक्रार आहे. लहानपणी भर लग्नात माझ्या नव्या फ्रॉककडे बघून ती म्हणाली होती, पडद्याचं कापड दिसायलंय. चाळीस वर्षं होत आली, मी अजून विसरले नाही. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, बिदर जिल्ह्यातल्या संतपूरला दिलेली. यंदाच्या मे महिन्यात मी, नवरा आणि बारा वर्षांची मुलगी असे तिघं पुण्याहून पंधरा दिवस तिच्याकडे राहायला गेलो.

जाताना माझ्या डोक्याला एक भुंगा लागलेला होता. ऑफिसनं मला मोठं पद देऊ केलं होतं. हाताखाली तिप्पट माणसं, महिन्यातून दोनदा विमान, आणि घरी आल्यावरही फोन कानालाच. दुसरीकडे बिदरजवळ नौबादला एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा रिकामी होती. लग्नाआधी मी दोन वर्षं गणित शिकवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर कुठल्याच कामात मला तसं बरं वाटलेलं नाही. सुट्टीवरून परतायच्या दिवशी ऑफिसला हो किंवा नाही कळवायचं होतं. नवऱ्याचं काम कुठूनही होणारं. तो "तू ठरव" म्हणून मोकळा. असा राग येतो ना मला "तू ठरव" म्हणणाऱ्यांचा! फेब्रुवारीत फोनवर हे सगळं मी अक्काच्या कानावर घातलं होतं. ती नुसतं बरं म्हणाली आणि भाजी काय केलीस ते विचारत बसली.

पहिला आठवडा काय सांगू! सकाळी लिंबाच्या झाडाखाली चहा, दुपारी आमरस आणि कडक भाकरी. नवरा तिसऱ्या दिवशी रक्तदाबाची गोळी घ्यायची विसरला आणि त्याला काही झालं नाही. मुलीसाठी ओसरीत एक बुटकी, नवी कोरी बाज टाकलेली होती. पाव्हण्यारावळ्यांना लागती, अक्का म्हणाली. त्या बाजेवर लोळत आमची कन्या चार दिवसांत "मी जायलेय, मी खायलेय" बोलायला लागली. मी वहीत एक यादी सुरू केली होती. डावीकडे नौबाद, उजवीकडे पुणं. डावी बाजू रोज वाढत होती.

आणि अक्काला बघत बसणं हा माझा एक उद्योगच झाला होता. पहाटे साडेचारला उठलेली ही बाई सात वाजेपर्यंत माझ्या अख्ख्या दिवसाएवढं काम उरकते. बसच्या कंडक्टरशी कन्नड, बांगडीवालीशी दखनी, औरादच्या आडत्याशी तेलुगू, आणि आमच्यावर ओरडायला मराठी. गावात तिला मान आहे तो बियाण्यासाठी. आमच्याकडं सोयाबीन पेरायच्या आधी घरचं बी तपासतात. शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं किती उगवले ते. सत्तर उगवले तर बी चांगलं. अर्ध्या गावाच्या गुंडाळ्या अक्काच्या न्हाणीमागं असतात, कारण तिची मोजणी कुणी खोडून काढत नाही. सख्ख्या दिराचं बी चाळीसच उगवलं तेव्हा त्याच्या तोंडावर तिनं सांगितलं होतं, की हे दळून खा, पेरू नको. दीर महिनाभर बोलला नाही. मग पुढच्या वर्षी तोच गुंडाळी घेऊन आला.

आमच्या दुसऱ्याच दिवशी तिनं तिच्या घरच्या बियाचे शंभर दाणे काढायचं काम मला दिलं. मी पोतं सोडलं, ताट घेऊन बसले, आणि अगदी मन लावून दाणे काढले. गोल, पिवळेधमक, एकसारखे. फुटका दिसला की परत पोत्यात, सुरकुतलेला दिसला की परत पोत्यात. दहाची ओळ अशी मांडली की मोत्यांचा सर वाटावा. मला वाटलं, बघा, पुण्यात राहूनसुद्धा हात विसरला नाही.

सहाव्या दिवशी अक्कानं गुंडाळी उघडली. सत्त्याण्णव उगवले होते! मी टाळ्याच वाजवल्या. अक्का मात्र गोणपाटाकडे बघत उकिडवी बसून राहिली. काढणीच्या वेळी पीक पावसात भिजलं होतं. सत्त्याण्णव यायचं काही कारणच नव्हतं. दाणे कसे घेतलेस, तिनं विचारलं. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"निवडून घेतलेस? कामून?" ती म्हणाली. "पेरताना काय एकेक दाणा निवडून पेरणार हाव व्हय आपण? डोळे झाकून मूठ घालायची असती, पोत्याच्या आतून."

सात वर्षं गणितात पहिली आलेली बाई मी, आणि नमुना कसा घ्यायचा ते मला चौथी शिकलेल्या बहिणीनं सांगावं! कान तापले माझे. नवरा वर्तमानपत्राआड हसत होता, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. अक्कानं स्वतः दुसरे शंभर दाणे घेतले. एक मूठ पोत्याच्या वरून, एक मधून, एक पार तळातून. फुटके, काळपट, जे हाताला येईल ते. पुन्हा गुंडाळी झाली.

त्या दुपारी, जरा राग निवळल्यावर, मी वही काढली आणि तिला माझी यादी वाचून दाखवली. सकाळची हवा, आमरस, मुलीची भाषा, नवऱ्याची विसरलेली गोळी. मला वाटलं होतं, ती आता म्हणेल, ये मग. तिनं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकलं.

"हे बी निवडलेलंच हाय की," ती म्हणाली. "सुट्टीचे दिवस हायत हे. नौबादला जाऊन ये. गाडीनं न्हाई, बसनं. आतली मूठ घे."

मला इतका राग आला की मी जेवताना तिच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातच्या बसमध्ये होते. शाळेत दहावीला गणितात नापास झालेल्या मुलांचा उन्हाळी वर्ग चालू होता. तीन दिवस मी शिकवून बघते, ही माझी कल्पना मुख्याध्यापकांना फार आवडली. तीन दिवस फुकटची बाई मिळाली, त्यांना का आवडू नये! पत्र्याची खोली, दहालाच वीज गेलेली, नळाला पाणी नाही. तेरा पोरं. निम्म्यांना कन्नड नीट येणारं, निम्म्यांना मराठी, आणि गणित कुणालाच नाही. मी पुण्याच्या थाटात फळ्यावर समीकरण मांडलं तर दोघं सरळ झोपी गेले. तिसऱ्या तासाला मी इतकी खेकसले की माझाच घसा बसला. पगाराचा आकडा ऐकला तेव्हा उरलासुरला आवाजही गेला. परतीच्या बसमध्ये दोन तास उभी होते, डोकं ठणकत होतं. कुणासाठी हे चाललंय, असं वाटून रडूच आलं.

दुसरा दिवस धड ना वाईट असा गेला. तिसऱ्या दिवशी मी पिशवीत मूठभर सोयाबीन घेऊन गेले आणि बाकावर दाणे मांडून टक्केवारी शिकवली. मागच्या बाकावरची एक मुलगी आधीचे दोन दिवस तोंड उघडत नव्हती. माझं फळ्यावरचं उत्तर चुकलंय असं तिनं कन्नडमध्ये शेजारणीला सांगितलं. खरंच चुकलं होतं. मी तिला फळ्यापाशी बोलावलं, तिनं ते बरोबर केलं, आणि वर्ग पहिल्यांदा हसला, माझ्यावर. त्या दिवशीही बसायला जागा मिळाली नाहीच. पण सगळा रस्ता मी उद्या समीकरण कसं सांगायचं तेच डोक्यात घोळवत होते, आणि उद्या आपल्याला इथं यायचंच नाही हे संतपूरचा थांबा आल्यावर लक्षात आलं.

निघायच्या सकाळी अक्कानं दुसरी गुंडाळी उघडली. आम्ही दोघींनी वेगवेगळं मोजलं. अडुसष्ट. सत्तरला दोन कमी. मला वाटलं, आता हे बीही दळायला जाणार. अक्का उठली, हात झटकले आणि म्हणाली, पेरू की. दोन मुठी जास्त टाकू. तिच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. सत्त्याण्णवच्या दिवशी होती, आज नव्हती.

नौबादचं काय ठरवलंस, हे तिनं तेव्हाही विचारलं नाही. मला आतून लागलं ते. एवढी सख्खी बहीण जवळ राहायला यायचं म्हणते, आणि हिला काहीच वाटू नये? आई-अप्पा गेल्यापासून आम्हाला एकमेकींशिवाय कोण आहे? ती आत डबा बांधत होती. बाहेर दाजी आमच्या गाडीत आंब्याची पेटी ठेवत होते. दाजी म्हणजे तीन दिवसांत एक वाक्य बोलणारा माणूस. त्यांनी डिकी लावली, घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फेब्रुवारीत तुझा फोन आला ना, त्याच आठवड्यात हिनं ती बाज विणून घेतली. पोरगी इकडं आली तर शनवार-रविवारी झोपंल कुठं म्हणून. तुला सांगायचं न्हाई म्हणाली."

तीन महिने ही बाई बाज घालून वाट बघत होती. सत्त्याण्णव दाणे माझ्यापेक्षा तिला जास्त हवे होते. एकदा "ये" म्हणाली असती तर मी त्याच दुपारी हो म्हटलं असतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तिनं ते म्हटलं नाही. मला सकाळच्या बसनं उन्हात पाठवलं. अक्का डबा घेऊन बाहेर आली, मी तिच्या गळ्यात पडले, आणि ती म्हणाली, घामेजलीस किती, सरक.

हुमनाबादला हायवेवर एका ढाब्यावर आम्ही थांबलो. लॉऱ्यांच्या गर्दीत जागा शोधून नवऱ्यानं गाडी लावली. मी तिथं बसूनच ऑफिसला नाही कळवलं. चार ओळी लिहायला अर्धा तास गेला, कारण प्रत्येक ओळ खोडून पुन्हा लिहीत होते. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. नवऱ्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्यासमोर ताकाचा ग्लास सरकवला. मग मी अक्काला फोन लावला आणि सांगितलं की आम्ही येतोय, राहायला.

तिच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. उगवलेले दाणे त्यांना टाकत असणार.

"तुझे किती उगवले?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, अडुसष्टच असतील.

"मग दोन मुठी जास्त टाक," अक्का म्हणाली, आणि तिनं जोरात नाक ओढलं.