पेटीवर टेकलेलं कपाळ

डोंगरकडा गावच्या साधनाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्राखाली चांदीचा एक टाक असतो. त्यावर आशाबाईचा मुखवटा आहे. आशाबाई म्हणजे नवऱ्याची पहिली, वारलेली बायको. दुजवराशी लग्न करून आलेल्या बाईनं असा टाक घातला की मेलेली सवत त्रास देत नाही, असं इकडं सगळे मानतात. आशाबाईला हे कुणी कळवलं नसावं.

लग्नानंतर काही वर्षांनी साधनाबाईंना आडवं होता येईना. पाठ टेकली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. उठून पुढं वाकलं की ओझं उतरायचं. मग त्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीवर कपाळ टेकून झोपू लागल्या. पेटी आशाबाईच्या माहेरची.

"बसली गं तुह्या छातीवर," शेजारीण म्हणाली.

नवरा विश्वंभर व्यवहारी माणूस. टाक हलका पडला असेल म्हणून त्यानं आखाडा बाळापूरच्या सोनाराकडून जड करून आणला. तकलीफ वाढली. पाय सुजले, मानेच्या शिरा फुगल्या. शेवटी वारंगा फाट्यावरून जीप करून त्यानं त्यांना नांदेडला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून पाहिलं. "हृदयाभोवती पिशवी असते. तुमच्या पिशवीत पाणी भरलंय, हृदयाला फुलायला जागाच नाही. आत्ता सुईनं काढू. गळ्यातलं उतरवा."

"मंगळसूत्र काढते. हे न्हाई. हे काढलं तर ती जीव घील."

"नाही काढलं तर पाणी घेईल."

साधनाबाईंनी टाक काढून मुठीत आवळला. सुईतून लालसर पाणी आलं, बाटलीभर. त्यानंतर त्या उताण्या झोपल्या.

"टीबीचं दिसतंय. घरात कुणाला होता?"

"न्हाई," विश्वंभर म्हणाला. "पहिली खोकायची. पण तिच्या छातीवर माही मेलेली माय बसायची. रातभर ती पेटीवर वाकून राहायची."

खरंच, त्या घरात टीबी कधीच नव्हता. बायका होत्या, आणि त्यांच्या छातीवर आधीच्या बायका.

गोळ्या सहा महिने घ्यायच्या. मध्येच सोडल्या तर पिशवी कडक होऊन हृदयाला आवळते आणि मग ती कापून काढावी लागते, असं बजावून डॉक्टरांनी घरी सोडलं. आल्याआल्या साधनाबाईंनी पेटी उजेडात ओढली. झाकणावरचा रंग कपाळाएवढ्या जागेत खाली पत्र्यापर्यंत घासून गेला होता. एवढा घासायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

टाक पुन्हा गळ्यात आहे.

"आता काहून घालती? पाणीच व्हतं ना?" विश्वंभर विचारतो.

"तिलाबी पाणीच व्हतं," त्या म्हणतात, आणि तळहातावरच्या गोळ्या आधी टाकासमोर धरून मग गिळतात.